शनिवार, रविवार आणि एक्स्ट्रा क्लास

आमच्या घरी टीव्ही एक आणि माणसे सहा. एरवी या सहा जणांचे ठीक जमते. अब्बाजींना सातच्या बातम्या, अम्मीजींना त्यांची मालिका, धाकट्याला रात्रीचे ‘बिग बॉस’. त्यात म्हणे तेव्हा अमरावतीचा शिव ठाकरे आणि पुण्याचा एमसी स्टॅन होते, म्हणजे ते बघणे हे मराठी माणसाचे कर्तव्यच झाले. आम्हा दोघांच्या वाट्याला उरतात त्या जाहिराती. पण २० नोव्हेंबरला कतारमध्ये वर्ल्डकप सुरू झाला आणि रिमोट थोरलीच्या हाती गेला तो डिसेंबर निम्मा सरला तरी परत आला नाही.

थोरली दहावीत आहे. पूर्वपरीक्षा जानेवारीत, बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. तिने फ्रिजच्या दारावर दोन कागद चिकटवले होते. एकावर अभ्यासाचे वेळापत्रक, दुसऱ्यावर सामन्यांचे. पहिला कागद आम्ही सांगितला म्हणून लिहिलेला, काळ्या पेनाने. दुसऱ्याला चार रंग. कोणत्या कागदापुढे ती जास्त वेळ उभी राहते हे आम्ही शिक्षकाच्या नजरेने पाहत होतो आणि गप्प बसत होतो. वर्गातल्या पन्नास मुलांना ज्या आवाजात दटावता येते तो आवाज घरी चालत नाही, हे शिक्षक वाचकांना वेगळे सांगायला नको.

गप्प बसण्याचे दुसरे कारण म्हणजे मोरोक्को. ६ डिसेंबरच्या रात्री मोरोक्कोने स्पेनला पेनल्टीवर हरवले तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले. ज्या मुलांनी त्याआधी हा देश नकाशात कधी शोधला नसेल ती दुसऱ्या दिवशी शाळेत “टीचर, मोरोक्को कहाँ पे है?” म्हणून विचारत होती. उर्दूच्या तासाला नकाशा लावावा लागला. मग ओघाने इब्न बतूता आलाच. १३०४ साली तंजा शहरात जन्मलेला हा माणूस चालत, उंटावरून आणि जहाजातून दिल्लीला आला, मुहंमद तुघलकाच्या पदरी काझी झाला आणि आपल्या दौलताबादचा किल्लाही पाहून गेला. एका मुलाने विचारले, “तो कोणत्या पोझिशनला खेळायचा?” आम्ही सांगितले, “विंगला. सतत पळत होता.”

१० तारखेला पोर्तुगालही गेले. एन-नेसिरी हवेत इतका वर गेला की अम्मीजींनी हातातली तसबीह थांबवली. आफ्रिकेतला किंवा अरब जगातला कोणताही संघ त्याआधी उपांत्य फेरीत पोचला नव्हता. सामने संपले की खेळाडू आपापल्या आईकडे धावत. हकीमीने आईच्या कपाळाचे चुंबन घेतले, बूफाल आईचा हात धरून मैदानात नाचला. हकीमीची आई माद्रिदमध्ये लोकांच्या घरची साफसफाई करायची आणि बाप रस्त्यावर माल विकायचा, हे वाचल्यापासून तर आमच्या इमारतीतल्या सगळ्या आया मोरोक्कोच्या झाल्या. त्या संघातल्या २६ पैकी १४ जणांचा जन्म मोरोक्कोबाहेरचा. पोटासाठी परमुलखात गेलेल्यांची ही मुले. कोकणातून कुर्ल्याला आणि कुर्ल्याहून आखाताला गेलेल्या घरांना हे समजावून सांगावे लागत नाही.

वर्गात मात्र एक गोष्ट आम्हाला खटकली. फ्रान्सने उपांत्य सामना २-० असा जिंकला त्या सकाळी काही मुले अशी बसली होती की जणू त्यांच्या घरावरच कोणी चालून आले आहे. “टीचर, अपने लोग हार गये.” आम्ही फळ्यावर फ्रान्सच्या संघातली नावे लिहिली. डेम्बेले मुसलमान, कोनाते मुसलमान, एम्बापेची आई मूळच्या अल्जीरियन घरातली. आता सांगा, आपले कोण? मुले विचारात पडली, मग एक जण म्हणाला, “टीचर, फिर भी मोरोक्को.” आता यावर काय बोलणार? प्रेमाला व्याकरण लावायला गेलो तर आमचीच फजिती.

तर असा तो १७ डिसेंबरचा शनिवार उजाडला. तिसऱ्या क्रमांकासाठी मोरोक्को विरुद्ध क्रोएशिया, रात्री साडेआठला. सकाळची शाळा करून घरी आलो तेव्हा थोरलीने स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. संध्याकाळी समोशाची तयारी ती करणार, बदल्यात साडेआठ ते साडेदहा तिला कोणी ‘भूमिती’ हा शब्द ऐकवायचा नाही. करार मान्य झाला. मगरिबनंतर तिने खरोखर दीड तास प्रमेये लिहिली. इशाची जमात आटोपून मुलांचे अब्बू आणि धाकटा सव्वाआठला जिने चढून आले, पाठोपाठ शेजारचे दोघे, आणि अब्बाजी आपल्या खुर्चीत.

अब्बाजी शहात्तर वर्षांचे आहेत. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उमेद घालवली. गुडघे गेले आहेत, पण फुटबॉल लागला की उजवा पाय आपोआप हलतो. तरुणपणी शनिवारी पहिली पाळी करून ते लोकलने व्हीटीला जायचे आणि तिथून चालत कूपरेजला. तिकिटापुरते पैसे असायचे, परतीच्या चहाचे नसायचे. टाटा, मफतलाल, सेंट्रल रेल्वे, पोर्ट ट्रस्ट असे आपल्या मुंबईचे संघ, आणि रोव्हर्स कप आला की कलकत्त्याचे. हा कप १८९१ पासूनचा. २००१ नंतर तो बंदच पडला, हे अब्बाजी एखाद्या नातेवाइकाच्या मयतीसारखे सांगतात.

सामना सुरू होऊन नऊ मिनिटे झाली नाहीत तोच १-१ झाले होते. आमच्याकडे केबल, समोरच्या इमारतीत बहुतेकांचे मोबाइल. मोबाइलवर चित्र थोडे उशिरा पोचते, म्हणून दारीचा गोल आम्ही आधी ओरडून साजरा केला आणि समोरच्यांनी मागाहून. धाकट्याला यात फार मोठा विजय वाटला. ४२व्या मिनिटाला ओर्शिचने चेंडू लांबून वळवून आत टाकला तेव्हा मात्र आम्ही आधी गप्प झालो आणि मग समोरची इमारत.

मध्यंतरात चहा झाला आणि अब्बाजींनी रहीमसाहेब काढले. ते दर मध्यंतरात निघतात, पण शेजारच्यांनी ऐकले नव्हते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शाळामास्तर. (इथे अब्बाजी सुनेकडे पाहतात.) त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे याच आपल्या कूपरेजवर रोव्हर्स कप नेला. पुढे भारताचा संघ त्यांच्याकडे आला. १९५१ला दिल्लीच्या एशियाडमध्ये सुवर्णपदक, १९५६ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर. त्या ऑलिंपिकमध्ये आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. आणि १९६२चे जकार्ता. तिथले प्रेक्षक भारतावर खवळलेले, गोलकीपर थंगराज तापातून उठलेला, जरनैल सिंगच्या डोक्याला टाके, आणि खुद्द रहीमसाहेबांना कॅन्सर. रहीमसाहेबांनी बचाव करणाऱ्या जरनैलला पुढच्या फळीत उभे केले. अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध एक गोल पी. के. बॅनर्जीचा, दुसरा त्याच जरनैलचा. २-१. पुढच्या वर्षी जूनमध्ये रहीमसाहेब गेले. एशियाडचे ते सुवर्ण पुन्हा आपल्याला मिळाले नाही.

“मी सोळा वर्षांचा होतो,” अब्बाजी म्हणाले. “दुसऱ्या दिवशी इराण्याकडे पेपर वाचला. एक चहा, तीन जणांत.”

त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा सिनेमा अजय देवगणला घेऊन तेव्हा तयार होत होता, पण तो पुढे पुढेच ढकलला जात होता. अब्बाजी रोज विचारायचे, “लागला का?” शाळामास्तरावर सिनेमा निघतो यानेच आम्ही हुरळून गेलो होतो. उर्दू शाळेत शिकवलेला मास्तर तर फारच दुर्मीळ.

थोरलीने तेव्हा एक वाक्य टाकले. “अब्बाजी, ऑक्टोबरमध्ये मोरोक्कोने आपल्यालाही हरवले. भुवनेश्वरला. ३-०.” शेजारचे म्हणाले, आपला संघ वर्ल्डकपमध्ये कधी गेला? “मुलींचा. सतरा वर्षांखालचा. आपल्याच देशात होता वर्ल्डकप, तुम्हाला माहीतच नाही. फायनल इथे नवी मुंबईत झाली.” मोरोक्कोच्या बायकांचा मोठा संघ जुलैमध्ये आफ्रिकेच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला होता, हेही तिने ऐकवले. सगळ्यांनी हं हं केले आणि दुसरा हाफ सुरू झाला. आम्हीही हं हं करणाऱ्यांतच होतो.

२-१ असेच राहिले. क्रोएशिया तिसरा, मोरोक्को चौथा. मेलबर्नला आपण जिथे होतो तिथेच, अब्बाजी म्हणाले आणि उठून वजू करायला गेले. त्यांची इशा राहिली होती. जमातीला जिने उतरणे आता त्यांना होत नाही, घरीच पढतात. पण सामन्याआधी पढायला हवी होती, असे अम्मीजी पुटपुटल्या. नोव्हेंबरमध्ये केरळात ‘समस्त’ या उलेमांच्या संघटनेच्या खुत्बा समितीने याच गोष्टीवर बोट ठेवले होते. रात्री जागून नमाज बुडवू नका, खेळाडूंच्या कटआउटवर पैसे उधळू नका. तिकडे पुल्लावूरच्या नदीत मेस्सीचे तीस फूट उंच कटआउट उभे राहिले होते, त्याच्या शेजारी नेमारचे आणि रोनाल्डोचे. त्यावर वर्तमानपत्रांत बरीच चेष्टा झाली. आम्हाला ती चेष्टा पटली नाही. तीस फुटांच्या माणसाकडे पाहून ज्या गल्लीत पाणी येत नाही तिथल्या बाईला काय वाटत असेल, हा प्रश्न मौलवींनी विचारला म्हणून चुकीचा ठरत नाही. अर्थात कटआउट लावणारी पोरे कोणाचे वाईट करत नव्हती, हेही खरे.

रविवारी फजरला थोरली सर्वांच्या आधी उठली. गेले तीन महिने ती रविवारी सव्वासहाला उठून सातच्या एक्स्ट्रा क्लासला जात होती. नेहरूनगरला. पाठीवर बॅग, डब्यात दोन उकडलेली अंडी. आम्ही शाळेत सांगायचो, मुले रविवारी सकाळी झोपतात, आमची थोरली बघा.

त्या दिवशी आम्ही मासे आणायला स्टेशनच्या बाजूला गेलो होतो. सुरमईचा भाव विचारून मागे वळतो तर थोरलीचे क्लासचे सर. सलाम-नमस्कार झाला. आम्ही म्हटले, “आज क्लास लवकर सुटला वाटते?” सरांनी आमच्याकडे पाहिले. “रविवारी? रविवारी क्लास बंद असतो मॅडम. पहिल्यापासून.”

सुरमई घेतली की नाही ते आठवत नाही. घरी आलो तेव्हा हातात कोथिंबीर होती एवढे खरे. वाटेत काय काय मनात आले ते इथे लिहिणार नाही. मुलीच्या आईबापांनी ते न लिहिताच वाचावे.

साडेनऊला ती आली. बॅग खाली ठेवली. मुलांच्या अब्बूंनी शांतपणे विचारले, “कुठून आलीस?” ती म्हणाली, “क्लासहून.” मग आमच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिला कळले. बॅगेची चेन उघडून तिने आतले जमिनीवर मांडले. काळे बूट, खाली खिळे असलेले, तांबड्या मातीने भरलेले. लांब बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅकपँट. डोक्याला बांधायचा घट्ट शिवलेला स्कार्फ. आणि विज्ञान भाग दोनचे एक पुस्तक, बॅग जड दिसावी म्हणून.

“फुटबॉल,” ती म्हणाली. “पंधरा मुली आहोत. बाई शिकवतात. फी नाही.”

“आणि बूट?”

उत्तर खुर्चीतून आले. “बूट मी दिले.” अब्बाजी टीव्हीकडे पाहत होते. टीव्ही बंद होता. “पेन्शनमधून. मला माहीत होते.”

या घरात आमचे लग्न होऊन अठरा वर्षे झाली, पण मुलांच्या अब्बूंनी आपल्या वडिलांपुढे आवाज चढवलेला आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. खेळाबद्दल नाही. खोटे बोलायला शिकवल्याबद्दल. “तीन महिने अब्बाजी! रस्त्यात काही झाले असते तर आम्ही तिला कुठल्या क्लासमध्ये शोधायचे होते?” यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. थोरली रडली नाही. ती रडली असती तर बरे झाले असते.

“विचारले असते तर हो म्हणाला असतात का?” तिने विचारले.

आम्ही खरे काय ते सांगतो. नसतो म्हणालो. दहावी आहे म्हटले असते. दहावी नसती तर दुसरे काही म्हटले असते. लोक काय म्हणतील हे वाक्य आम्ही कधी उच्चारत नाही, आम्ही शिकलेली माणसे आहोत. आम्ही त्याचे भाषांतर करून बोलतो. ‘सेफ नाही’, ‘वेळ नाही’, ‘गुडघा दुखावला तर’. भाषांतर हा तर आमचा धंदाच.

अम्मीजी इतका वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होत्या. आम्हाला वाटले आता त्या मुलीच्या जातीवर येणार. त्यांनी स्कार्फ उचलून पाहिला, शिवण तपासली. “हा कोणी शिवला? कानाला काचत असेल.” मग म्हणाल्या, “पुरुष असतात का बघायला?” थोरली म्हणाली, शिकवणाऱ्या बाईच, पण मैदान उघडे आहे, येणारे-जाणारे बघतात. अम्मीजींनी फक्त मान हलवली. होकार की नकार ते समजले नाही.

दुपारपर्यंत घरात कोणी कोणाशी बोलले नाही. जोहरनंतर आम्ही कपाटातून सीरतचे पुस्तक काढले. उपदेशासाठी नाही, आमच्याच समजुतीसाठी. ईदच्या दिवशी मस्जिदे नबवीत हबशी लोक भाल्यांचा खेळ करत होते आणि हजरत आयेशा (रजि.) हुजूर (स.) यांच्या आडून तो पाहत होत्या, त्या स्वतः दमेपर्यंत हुजूर तसेच उभे राहिले, ही हदीस आम्ही मुलांना कित्येक वेळा सांगितली आहे. दोघांच्या शर्यतीचीही. आधी त्या जिंकल्या, पुढे काही वर्षांनी हुजूर. शाळेत सांगताना किती सोपी वाटते. आता प्रश्न असा पडला की त्या हदीसमध्ये आम्ही कोण? आड धरून उभे राहणारे की दारातूनच परत पाठवणारे? पण त्याच सीरतमध्ये खोट्याबद्दल काय आहे तेही आम्हाला माहीत होते. दोन्ही पाने एकाच पुस्तकात असतात, ही अडचण आहे.

हिजाबच्या बाबतीत एक आठवण सांगावीशी वाटते. २०११ साली इराणच्या मुलींना जॉर्डनविरुद्धचा ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला नव्हता, कारण डोक्यावर स्कार्फ. २०१४ साली फिफाने ती बंदी उठवली. आणि २०२२च्या जानेवारीत, २० तारखेला, त्याच इराणच्या मुली स्कार्फ बांधून आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानात भारताविरुद्ध खेळल्या. ०-० बरोबरी झाली. कोरोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता आणि त्याच कोरोनाने पुढे आपल्या संघाला स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. तो सामना थोरलीने मोबाइलवर पाहिला होता. आम्हाला तेव्हा वाटले, अभ्यास करते आहे.

तिकडे मुंब्र्यात ‘परचम’ने मुलींचा फुटबॉल सुरू केला त्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती. त्याविषयी आम्ही वाचले होते, शाळेच्या स्टाफरूममध्ये कौतुकही केले होते. मुंब्रा कुर्ल्यापासून लोकलने किती दूर आहे? कौतुक करायला नेमके तेवढेच अंतर बरे पडते.

चारच्या सुमारास धाकट्याने, घरातली शांतता असह्य होऊन, ‘झुंड’ लावला. नागराज मंजुळेंचा हा सिनेमा मार्चमध्ये आला तेव्हा आम्ही पाहायचे ठरवून राहूनच गेला होता. नागपूरच्या विजय बारसे सरांची गोष्ट. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या या माणसाने झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला. अमिताभ बच्चन मास्तर झाले आहेत, पण खरे पाहायचे ते त्या पोरांना. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा. असरची वेळ साधून थांबवला, मग पुन्हा लावला. कॉलेज आणि वस्ती यांच्या मधली ती भिंत पाहून अब्बाजी म्हणाले, कूपरेजलाही भिंत होती, आम्ही तीवर बसायचो.

रिंकू राजगुरूची मोनिका आणि तिचा बाप ओळखीच्या कागदासाठी या दारातून त्या दारात फिरतात तो भाग आला तेव्हा खोलीत कोणी हलले नाही. २०२०च्या जानेवारीत आम्हीही पत्र्याची पेटी काढून अब्बाजींचा जन्मदाखला शोधत बसलो होतो. सापडला नाही. प्रीमियरचे ओळखपत्र तेवढे सापडले. मुलीला खेळायला पाठवायचे तर त्या बापाला आधी ती कोण आहे हे सिद्ध करावे लागते. थोरली आमच्यापासून हातभर दूर बसली होती. त्या प्रसंगात तिने अब्बूंकडे पाहिले आणि अब्बूंनी पंख्याकडे.

रात्री फायनल. त्या सामन्याबद्दल लिहिण्यासारखे जगाने लिहून संपवले आहे. अर्जेंटिना २-०, ७९ मिनिटे होईपर्यंत अम्मीजी जांभया देत होत्या. मग एम्बापेने दीड-दोन मिनिटांत दोन गोल केले आणि आमच्या घरातला अबोला आपोआप मोडला, कारण ओरडताना कोणावर रुसलो आहोत हे लक्षात राहत नाही. जादा वेळेत मेस्सी, पुन्हा एम्बापे, ३-३. शेवटच्या क्षणी अर्जेंटिनाच्या मार्टिनेझने पाय पसरून कोलो मुआनीचा गोल अडवला तेव्हा थोरली ओरडली, “बघ अम्मी, त्याने अँगल बंद केला!” आम्ही विचारले, अँगल म्हणजे? तिने उठून दाखवले. कपाटाचे दार म्हणजे गोल, धाकटा म्हणजे मुआनी, पुढे सरकले की मारणाऱ्याला दिसणारी जागा कशी कमी होते ते. सकाळपासून पहिल्यांदा ती आमच्याशी सरळ बोलत होती, आणि गंमत म्हणजे भूमितीच बोलत होती. आम्हाला तेव्हा कळले की ती गोलकीपर आहे.

पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२. कतारच्या अमीरांनी मेस्सीला काळा बिश्त पांघरला. साडेअकरानंतर दोह्याहून आमच्या नणंदेच्या यजमानांचा आवाजी निरोप आला, पाठीमागे नुसते हॉर्न. नऊ वर्षे ते तिथे गाडी चालवतात. त्यांनी स्टेडियमवर बांधकाम करणारी माणसे नेली-आणली, आपल्याकडची, नेपाळची, बांगलादेशची. त्यातले किती जण घरी परत गेले नाहीत यावर जगात वाद चालला आहे. त्यांना आकडा विचारला की ते सांगत नाहीत. एकाच माणसाचे सांगतात, तेलंगणाच्या, जो दुपारच्या पाळीनंतर झोपला तो उठला नाही. त्या रात्री मात्र ते फक्त हसत होते आणि म्हणत होते, “आमच्या रस्त्यावरून गेला मेस्सी! आमच्या रस्त्यावरून!”

झोपण्याआधी मुलांच्या अब्बूंनी थोरलीला बोलावले. बूट मार्चपर्यंत कपाटात, असे आमचे दोघांचे ठरले होते. ते तिला म्हणाले, “पुढच्या रविवारी मी सोडायला येतो. तिथे बघून ठरवू.” आमच्याकडे त्यांनी पाहिले नाही. आम्ही तेव्हा काही बोललो नाही, नंतर बरेच बोललो. ते म्हणाले, “अब्बाजी तिला तीन महिने कळले, मला नाही. मला त्याचे वाईट वाटते आहे, फुटबॉलचे नाही.” खोट्याची शिक्षा म्हणून महिनाभर मोबाइल बंद झाला. ती तिने मुकाट्याने सोसली. पूर्वपरीक्षेत गणिताला काय पडतात ते पुढच्या महिन्यात या पानावर कळेलच. लपवणार नाही.

२५ तारखेला आम्ही सगळेच गेलो. अब्बाजींसाठी रिक्षा केली. मैदान कसले, एका बाजूला क्रिकेटची पोरे, एका बाजूला वाळत घातलेल्या गाद्या, मधल्या पट्ट्यात या पंधरा जणी. चार जणींच्या डोक्याला स्कार्फ, बाकीच्यांच्या वेण्या. आपल्याकडच्या, बौद्ध वस्तीतल्या, एक केरळी ख्रिश्चन. अम्मीजींनी नवा स्कार्फ शिवून दिला होता, कानाजवळ लवचिक पट्टी लावून, आणि बाईंना विचारत होत्या की बाकीच्या मुलींची मापे मिळतील का. सिमेंटच्या कट्ट्यावर आणखी दोन आया होत्या. त्यांनी आम्हाला जागा करून दिली. एकीने विचारले, “तुमची कोणती?” आम्ही गोलकडे बोट केले.

तिने पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्ले. अब्बाजी रिक्षातूनच ओरडत होते, “पुढे ये बेटा, पुढे ये!” मुलांचे अब्बू गोलच्या मागे जाऊन उभे राहिले, चेंडू आणायला. शिकवणाऱ्या बाई एक फॉर्म घेऊन आमच्याकडे आल्या. पालकांच्या संमतीच्या रकान्यात अब्बाजींची उर्दू सही होती, सप्टेंबरची. त्याखाली तातडीच्या वेळी कोणाला फोन करावा, हा रकाना मोकळाच होता. त्यांनी विचारले, “कोणाचा लिहू?” आम्ही आमचा नंबर सांगितला, मग अब्बूंचाही सांगितला. तेवढ्यात तिकडे ओरडा झाला. बघेपर्यंत चेंडू थोरलीच्या पोटाशी होता आणि ती मातीत आडवी.